हृदयाचं छिद्र बुजवलं, आता बाळाला घरी नेताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी चौदा महिन्यांची, वजन ८ किलो. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधलं छिद्र, कागदावर ज्याला व्हीएसडी लिहितात, ते मुंबईत छाती उघडून पॅच लावून बंद केलं. आज आठवा दिवस, परवा डिस्चार्ज. घर बीड जिल्ह्यात, गावी. डॉक्टर म्हणाले, "सहा आठवडे जपा." जपायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

अवघड काम झालेलं आहे. पॅच टाक्यांनी शिवलेला असतो. बाळ रडलं, खोकलं, आदळआपट केली म्हणून तो सुटत नाही, ती भीती आधी मनातून काढा. घरी गेलेली मुलं परत दाखल होतात त्यामागची कारणं साधीच असतात. औषधाचं माप चुकतं, ताप अंगावर काढला जातो, जखमेला कुणीतरी तेल-हळद लावतं, अशक्तपणा म्हणून गावात सलाइन चढवलं जातं. घोळ हृदयात कमी आणि चमच्यात जास्त होतो. म्हणून औषधांपासूनच सुरुवात करतो.

औषधाचं माप

अशा मुलांना घरी जाताना बहुधा लघवी वाढवणारं फ्रुसेमाइड, त्याच्या जोडीला स्पायरोनोलॅक्टोन, कधी हृदयावरचा भार हलका करणारं एनालाप्रिल, आणि फुप्फुसातला दाब जास्त असेल तर सिल्डेनाफिल देतात. यांतली बरीच औषधं गावाकडच्या दुकानात पातळ स्वरूपात मिळत नाहीत. मग मोठ्या माणसांची गोळी पाण्यात विरघळवून तिचा काही भाग द्यायला सांगतात, आणि चूक होते ती इथेच.

हिशेब एकदा नीट बघून घ्या. समजा डिस्चार्ज कार्डावर फ्रुसेमाइड ८ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा असं लिहिलंय. गोळी ४० मिलिग्रॅमची. ती दोन चमच्यांमध्ये दाबून बारीक पूड करायची, छोट्या वाटीत टाकायची आणि सिरिंजने मोजून १० मिलि उकळून गार केलेलं पाणी घालायचं. आता दर मिलिमध्ये ४ मिलिग्रॅम औषध आहे, म्हणजे ८ मिलिग्रॅमसाठी २ मिलि. पण ही पूड पाण्यात पूर्ण विरघळत नाही, खाली बसते. वाटी नुसती ठेवून वरचं निवळ पाणी ओढलं तर पोरीच्या पोटात जवळपास पाणीच जातं, आणि तळातलं ओढलं तर दुपटीहून जास्त औषध जातं. म्हणून ढवळायचं आणि ढवळता-ढवळताच सिरिंज भरायची. उरलेलं फेकून द्यायचं. दुपारच्या डोससाठी ठेवायचं नाही, नवीन गोळी घ्यायची. गोळ्या स्वस्त आहेत, वाचवू नका. गोळी विरघळवून द्यायचं तुमच्या कार्डावर लिहिलेलं नसेल, पुड्या किंवा सिरप दिलं असेल, तर तेच चालवा. मी दिलेले आकडे हिशेब कसा करतात ते कळावं म्हणून आहेत. डोस तुमच्या कार्डावरचाच.

सिरिंज सुई काढलेली, २ मिलिची एक आणि ५ मिलिची एक, दोन्ही वॉर्डातून मागून घ्या. चहाचा चमचा माप म्हणून अजिबात वापरू नका. प्रत्येक घरातला चमचा वेगळा. औषध गालाच्या आतल्या बाजूला थोडंथोडं सोडायचं. नाक दाबून घशात ओतलं की मूल ठसकतं. दुधाच्या बाटलीत मिसळायचं नाही. तिने अर्धी बाटली टाकली तर किती औषध गेलं ते कुणालाच सांगता येत नाही.

उलटी झाली तर? औषध दिल्यावर पंधरा-वीस मिनिटांच्या आत सगळं बाहेर आलं तर तोच डोस एकदा पुन्हा द्यावा. त्यानंतर झाली तर पुन्हा नाही. यादीत डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध असेल तर मात्र उलटीनंतर ते स्वतःहून कधीच पुन्हा द्यायचं नाही, फोन करायचा, कारण त्याच्या योग्य डोसात आणि विषारी डोसात फार अंतर नसतं. डोस विसरला आणि दोन-तीन तासांत आठवला तर द्या. पुढच्या डोसची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्या. दोन डोस एकदम कधीच नाही.

फ्रुसेमाइड सकाळी सात-आठला आणि दुपारी तीन-चारला द्या. संध्याकाळी उशिरा दिलं की रात्रभर लघवी, ओली दुपटी, आणि कुणालाच झोप नाही. सिल्डेनाफिल असेल तर त्याची गोष्ट वेगळी. ते ठरल्या तासांनी, रात्री उठवूनसुद्धा द्यावं लागतं आणि एकाएकी बंद केलं तर फुप्फुसातला दाब उसळून चढतो. त्याचा साठा संपायच्या आधी आठवडाभर नवीन आणून ठेवा.

दुकानात एक गोंधळ हमखास होतो. नुसतं फ्रुसेमाइड वेगळं, आणि फ्रुसेमाइड-स्पायरोनोलॅक्टोन एकत्र असलेली गोळी वेगळी. लॅसिक्स आणि लॅसिलॅक्टोन ही नावं घाईत सारखी वाचली जातात. पट्टीवरचं औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅम कार्डाशी ताडून बघितल्याशिवाय दुकानातून निघू नका. त्यापेक्षा महिनाभराची औषधं मुंबईतूनच घेऊन जा. सरकारी आरोग्य योजनेतून ऑपरेशन झालं असेल तर सुरुवातीच्या किती दिवसांची औषधं त्यात धरली आहेत ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला डिस्चार्जच्या आधी विचारून घ्या.

दुखण्यासाठी पॅरासिटामॉल पुरतं. किलोमागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे ८ किलोला १२० मिलिग्रॅम, सहा तासांच्या अंतराने, चोवीस तासांत चारपेक्षा जास्त वेळा नाही. पण बाटलीवरचा आकडा वाचा. ५ मिलित १२० मिलिग्रॅम असेल तर ५ मिलि. ५ मिलित २५० असेल तर २.४ मिलि. १ मिलित १०० मिलिग्रॅमचे थेंब असतील तर १.२ मिलि. तिन्ही बाटल्या पॅरासिटामॉलच्याच. 'पाच मिलि द्यायचं' एवढंच डोक्यात ठेवून थेंबांच्या बाटलीतून ५ मिलि दिलं तर चौपट डोस जातो. आयब्रुफेन किंवा मेफेनामिक ॲसिड असलेलं तापाचं औषध या मुलीला विचारल्याशिवाय नको. फ्रुसेमाइड आणि एनालाप्रिल चालू असताना त्याने मूत्रपिंडावर ताण येतो. सर्दी-खोकल्याची मिश्र सिरपंही नकोत. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिनचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं केंद्रीय औषध नियंत्रकांनी २०२३ च्या डिसेंबरात बजावलेलं आहे. तरी ते सर्रास विकलं जातं.

उचलायचं कसं

छातीच्या मधलं हाड उभं कापून, काम झाल्यावर बारीक स्टीलच्या तारांनी बांधलेलं आहे. मोडलेलं हाड जुळायला लागतो तेवढाच वेळ याला लागतो, सहा ते आठ आठवडे. 'जपा' या शब्दाचा अर्धा अर्थ इथे आहे.

आपण मूल उचलतो ते दोन्ही काखांत हात घालून. तसं उचललं की सगळं वजन दोन्ही खांद्यांवरून छातीच्या त्या सांध्यावर येतं आणि हाडाचे दोन भाग दोन बाजूंना ओढले जातात. त्याऐवजी एक हात मान-खांद्यांखाली, दुसरा ढुंगणाखाली, आणि परातीतला कणकेचा गोळा दोन्ही हातांनी उचलावा तसं आडवं, सपाट उचलायचं. मग आपल्या अंगाशी घेऊन उभं करायचं. कडेवर घेतलं तरी चालेल, ढुंगणाखाली एक हात आणि पाठीवर दुसरा असला म्हणजे झालं. हाताला धरून ओढून उभं करणं, दोन्ही हात धरून झुलवणं, वर उडवणं, हे सगळं बंद. घरातल्या प्रत्येकाकडून हे एकदा बाहुलीवर करून घ्या. तुम्ही दोघं लक्षात ठेवाल, पण आजोबा आणि शेजारच्या काकू सवयीने काखेतच हात घालतील.

झोळी सहा आठवडे सोडून ठेवा. मूल तिच्यात वाकून बसतं हे एक, आणि झोळीतून काढताना हात आपसूक काखेत जातो हे दुसरं. पांगुळगाडाही बाजूला ठेवा, त्याच्या दांड्यावर ती छाती टेकून जोर लावणार. पण ती स्वतःहून रांगली, धरून उभी राहिली, चालताना धपकन ढुंगणावर बसली तर बिघडत नाही. मुलं दुखलं की आपणच थांबतात. झोपवताना पाठीवर झोपवा. झोपेत स्वतः कुशीवर वळली तर वळू द्या, तुम्ही पालथं घालू नका. मोठ्या भावंडाला तिच्या अंगावर उडी मारू द्यायची नाही, एवढी एक चौकी लागते.

अंगरखा पुढून उघडणारा, बटणांचा किंवा बंदांचा घाला. डोक्यावरून घालायचा कपडा म्हटला की हात वर ओढावे लागतात.

हाड नीट जुळत नसेल तर खूण अशी: श्वासाबरोबर किंवा कडेवर घेताना छातीत 'कट्' असं हाताला जाणवतं, किंवा हाडाचा भाग वर-खाली हलताना दिसतो. त्या दिवशीच फोन करा. याउलट कापाच्या वरच्या किंवा खालच्या टोकाला त्वचेखाली बारीक टणक गाठ लागते, ती तारेची किंवा टाक्याची असते. बारीक अंगाच्या मुलींना ती जास्त जाणवते. तारा जन्मभर आतच राहतात, काढायच्या नसतात.

जखम

लांब कापापेक्षा त्याच्या खाली, छातीतलं रक्त-पाणी बाहेर यावं म्हणून घातलेल्या नळ्यांच्या जागची एक-दोन छोटी भोकं जास्त त्रास देतात. त्यांवरचे टाके काढायची तारीख कार्डावर लिहून घ्या. ते बरेचदा विसरले जातात आणि मग पिकतात.

पहिले काही दिवस अंग पुसून घ्या. खपली कोरडी असेल आणि डॉक्टरांनी परवानगी दिली असेल तर तांब्याने वरून पाणी सोडून आंघोळ घाला. साधा साबण हाताला फेस करून अलगद फिरवा. घासायचं नाही, टबात किंवा घंगाळात बसवायचं नाही. मग स्वच्छ सुती फडक्याने टिपून घ्या. वर काही लावायचं नाही. तेल नको, हळद नको, पावडर नको, कुठलंही मलम नको. छातीची मालीश आठ आठवडे बंद. हातापायांना तेल लावायला हरकत नाही. ओवा-वावडिंगाची धुरी आणि शेक-शेगडी तर नकोच. धुराने खोकला येतो, आणि शेक लागून कोवळी त्वचा भाजते. चुलीचा धूर, घरात ओढलेली विडी, डासांची कॉइल, धूप हे सगळं त्याच कारणाने तिच्या खोलीबाहेर. डासांना मच्छरदाणी.

कडा गुलाबी असणं, खाज सुटणं, खपली पडणं, हे भरून येण्याचं लक्षण. लाली पसरत चालली, जागा गरम लागली, टाक्यातून पिवळं किंवा वास मारणारं पाणी आलं, कापाचं तोंड उघडलं, तर घरी ड्रेसिंग करत बसू नका. फोटो काढून वॉर्डाला पाठवा आणि त्याच दिवशी दाखवा. वरून एवढंसं दिसणारं इन्फेक्शन खाली हाडापर्यंत गेलेलं असू शकतं.

ताप

हे सगळ्यांत महत्त्वाचं, आणि गावात सगळ्यांत जास्त हेच चुकतं. ऑपरेशननंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांतला १००.४ फॅरनहाइट किंवा त्यावरचा ताप म्हणजे 'व्हायरल आहे, दोन दिवस बघू' नव्हे.

कारण दोन. एक म्हणजे जखमेचं किंवा रक्तातलं इन्फेक्शन. दुसरं फारसं कुणाला ठाऊक नसतं. हृदयाभोवतीची पिशवी ऑपरेशनमध्ये उघडलेली असते. काही मुलांत पहिल्या ते सहाव्या आठवड्यात तिला सूज येते आणि तिच्यात पाणी साठायला लागतं. सुरुवात अगदी साधी असते. बारीक ताप, किरकिर, भूक नाही, एखादी उलटी. मूल आडवं केलं की रडतं, खांद्यावर उभं धरलं की शांत होतं. पाणी वाढत गेलं की ते हृदयाला बाहेरून दाबतं आणि मग मूल मलूल पडतं, हातपाय गार पडतात. स्टेथोस्कोपने हे सुरुवातीला पकडता येईलच असं नाही, इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करावा लागतो. वेळेत कळलं तर बऱ्याचदा गोळ्यांवर भागतं, क्वचित सुईने पाणी काढावं लागतं. उशीर झाला तर जिवावर बेततं. म्हणून गावच्या डॉक्टरांना एवढंच सांगा, "हृदयाचं ऑपरेशन होऊन इतके दिवस झालेत, इको करायला हवा का ते मुंबईला विचारायचं आहे." आणि तिथूनच फोन लावून द्या. दोन डॉक्टर एकमेकांशी बोलले की निम्मे प्रश्न सुटतात.

दुखतंय म्हणून पॅरासिटामॉल देण्याआधी दर वेळी काखेत थर्मामीटर लावा. औषधाने ताप दबतो आणि चार दिवस कळतच नाही. पावसाळ्यात डेंग्यू-मलेरियाच्या तपासण्या गावचे डॉक्टर सांगतील, त्या जरूर करा, पण त्या होईपर्यंत इको थांबवू नका.

रोज काय बघायचं

ती गाढ झोपलेली असताना पोटाकडे बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, मुलांचा श्वास एकसारखा नसतो. एक ते पाच वर्षांच्या मुलाला मिनिटाला ४० किंवा जास्त म्हणजे वेगवान. आशाताईंना ही पद्धत येते, त्यांच्याकडून शिकून घ्या. डिस्चार्जच्या दिवशी झोपेतला आकडा किती होता तो लिहून ठेवा, म्हणजे वाढला की लगेच कळेल.

वजन आठवड्यातून दोनदा, सकाळी, कपडे काढून, एकाच काट्यावर. अंगणवाडीचा काटा चालेल. सुरुवातीचे एक-दोन आठवडे वजन हललंच नाही तर घाबरू नका. पण दोन दिवसांत दोनशे-तीनशे ग्रॅम चढलं, सकाळी पापण्या सुजलेल्या दिसल्या, लघवी कमी झाली, उजव्या बरगडीखाली पोट टणक लागलं, तर ते बाळसं नाही, पाणी साठतंय.

थेट १०८ ला फोन करून निघायचं ते कधी: जीभ आणि तोंडाची आतली बाजू निळी-करडी पडली, बरगड्या आत ओढून पोट उडायला लागलं, शुद्ध हरपली, आकडी (फिट) आली, किंवा घामाने अंग गार होऊन मूल हाकेला ओ देईना. थंडीत नखं निळसर दिसतात, त्यावरून ठरवू नका, जीभ बघा. हृदयाच्या ठोक्यांची तार व्हीएसडीच्या अगदी कडेने जाते. त्यामुळे क्वचित एखाद्या मुलाचे ठोके नंतर अचानक मंदावतात आणि मूल डोळे फिरवून पडतं. असं झालं आणि लगेच सावरलं, तरी त्याच दिवशी ईसीजी हवा.

खाणं-पिणं, जुलाब आणि सलाइन

पूर्वी दूध पिताना तिला घाम यायचा, दम लागायचा, अर्ध्यात सोडायची. ते आता दोन-तीन आठवड्यांत कमी होत जाईल. स्तनपान चालू असेल तर चालूच ठेवा. दर दोन-तीन तासांनी थोडंथोडं द्या. भाताची पेज, मुगाच्या डाळीची खिचडी, नाचणीचं सत्त्व, अंडं, आणि प्रत्येक वाटीत एक छोटा चमचा तूप. ५ मिलि तुपात ४० ते ४५ कॅलरी असतात, तेवढ्यासाठी पाव वाटी जास्त पेज पाजत बसावं लागत नाही. दिवसाला किती पाणी-दूध चालेल याची मर्यादा कार्डावर लिहिली असेल तर दूध, पेज, डाळीचं पाणी, सगळं त्यात मोजा. मीठ बेताचं. फरसाण, पापड, वेफर्स, खारी बिस्किटं, पाकिटातल्या शेवया नकोत. मिठाने पाणी साठतं आणि फ्रुसेमाइडचं काम वाया जातं.

शहाळ्याचं पाणी आजाऱ्याला चांगलं, हे आपल्याकडे पक्कं बसलंय. इथे सांभाळा. त्यात पोटॅशियम भरपूर, आणि स्पायरोनोलॅक्टोन आणि एनालाप्रिल ही दोन्ही औषधं पोटॅशियम अंगात धरून ठेवतात. रक्तात ते फार चढलं की हृदयाचे ठोके बिघडतात. औषधं बंद होईपर्यंत शहाळं नको.

जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर चित्र उलटं होतं. एकीकडे जुलाबातून पाणी जातंय, दुसरीकडे औषध लघवीतून पाणी काढतंय. ओआरएस थोडंथोडं सुरू करा आणि फ्रुसेमाइडचा पुढचा डोस देण्यापूर्वी फोन करा. बहुधा तो थांबवायला सांगतात. आणि गावात कुणी 'अशक्तपणा आहे, एक बाटली लावू' म्हणालं तर कार्ड पुढे करा. नुकत्याच दुरुस्त झालेल्या हृदयावर घाईने सोडलेलं सलाइन म्हणजे फुप्फुसात पाणी. सलाइन लागतं तेव्हा ते किती वेगाने जायचं ते ठरवून, मोजून द्यावं लागतं.

पाणी पिताना दर वेळी ठसका लागत असेल आणि आवाज घोगरा असेल तर पहिल्या तपासणीत सांगा. ऑपरेशनच्या वेळी घशातून घातलेल्या श्वासाच्या नळीने आवाज बसतो तो आठवड्याभरात सुटतो. त्यापुढे राहिला तर स्वरयंत्र बघून घ्यावं लागतं.

प्रवास

आठ-नऊ तासांचा रस्ता आहे. पहिली तपासणी सात-दहा दिवसांनी असेल तर मी म्हणेन तोवर मुंबईतच नातेवाइकांकडे किंवा धर्मशाळेत थांबा. पहिल्या आठवड्यातच गडबड झाली तर अर्ध्या वाटेवर अडकायला नको, आणि फेराही वाचेल. निघताना गाडी असेल तर मागची सीट, मुलाची खुर्ची असेल तर तिच्यात पट्टे लावूनच. पट्टा आणि छाती यांमध्ये छोटा टॉवेल घडी करून ठेवा, पण पट्टा टाळू नका. एसटीने जायचं तर चाकावरची सीट नको, मधली घ्या. दर दोन तासांनी थांबून दूध, लघवी, श्वास बघणं. दुपारच्या औषधाची वेळ वाटेत येणार, म्हणून सिरिंज, गोळी, वाटी आणि उकळलेलं पाणी हाताशी असू द्या, डिकीत नको. दुचाकीवर आई-बापाच्या मध्ये बसवून दोन महिने कुठेही नेऊ नका.

डिस्चार्ज कार्ड आणि शेवटच्या इकोचा कागद, दोन्हींचे फोटो घरातल्या दोन फोनांत ठेवा. इकोच्या कागदावर 'पॅचच्या कडेला बारीक गळती' असं काही वाचलं तर हातपाय गाळू नका. टाक्यांमधली सुईच्या टोकाएवढी गळती बऱ्याच मुलांत असते आणि पॅचवर अस्तर चढलं की पुष्कळदा बंद होते.

गावी पोचलात की राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तालुक्याच्या पथकाला कळवा. तपासणीला मुंबईला यायचं राहिलं तर पाठपुरावा करायला तेच उपयोगी पडतात. तपासण्या साधारण आठवड्या-दीड आठवड्यात, मग दीड महिन्याने, सहा महिन्यांनी, वर्षाने. औषधं बहुधा दीड महिन्याच्या तपासणीत कमी करतात. 'आता छान खेळतेय' म्हणून त्याआधी स्वतःहून बंद करू नका. ती औषधांवर छान खेळत असते.

लस, दात, कान, नवस

लसी साधारण चार ते सहा आठवडे पुढे ढकलतात, त्यात ताप आला तर तो लसीचा की ऑपरेशनचा हे कळत नाही म्हणून. गोवर-रुबेलाचं वेगळं आहे. ऑपरेशनमध्ये रक्त किंवा प्लाझ्मा दिला असेल तर त्यातल्या तयार प्रतिपिंडांमुळे ही लस नीट लागू पडत नाही, म्हणून ती सहा-सात महिने थांबवतात. पोलिओच्या थेंबांना ही अट नाही. काय-काय दिलं ते कार्डावर लिहून घ्या आणि नर्सताईंना दाखवा, नाहीतर 'हार्टचं मूल' म्हणून सगळ्याच लसी राहून जातात. गावात गोवराची साथ असेल तर हे वेळापत्रक डॉक्टर बदलतील.

पॅचवर शरीराचं अस्तर चढायला सहा महिने लागतात. तोवर रक्तात शिरलेला जंतू त्या परक्या कापडावर चिकटू शकतो. जंतू शिरायचं मुख्य दार म्हणजे हिरड्या. रोज दोनदा दात घासा, पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी. या सहा महिन्यांत दातांचं रक्त येण्यासारखं काम निघालंच तर आधी अँटिबायोटिकचा एक डोस लागतो, दंतवैद्याला ऑपरेशनचं सांगा. पॅचच्या कडेची गळती राहिली असेल तर हा नियम सहा महिन्यांनंतरही चालू राहतो.

घरी आल्यावर ती रात्री दचकून उठेल, आईला सोडणार नाही, पांढरे कपडे दिसले की रडेल. दोन ते सहा आठवडे हे चालतं. तिला वेगळं झोपवायची घाई करू नका. भेटायला येणाऱ्यांना महिनाभर दारातूनच, सर्दीवाल्यांना तर दारातूनही नको. घरातल्यांनी हात धुऊनच घ्यायचं, पापे घ्यायचे नाहीत.

नवस बोललेला असेल तर तो फेडायला जत्रेच्या गर्दीत आत्ता नेऊ नका, दोन महिन्यांनी गर्दी नसलेल्या दिवशी जा. जावळ दीड महिन्याच्या तपासणीनंतर काढायला हरकत नाही, फक्त पातं नवं कोरं हवं आणि डोकं धरताना छाती दाबायची नाही. कान टोचायचे राहिले असतील तर ते मात्र सहा महिन्यांच्या इकोनंतरच, डॉक्टरांना विचारून.